एका डीव्हीडीत बसवू नका!



गेल्या दिवाळीत आमच्या घरी फराळाच्या ताटांवर वादावादी झाली. वाद राजकारणाचा नव्हता, जमिनीचाही नव्हता. (पळस्प्यात हल्ली दोन माणसं एकत्र आली की जमिनीशिवाय तिसरा विषय निघत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.) वाद असा होता, की घरचा किंवा आवडीचा एखादा चित्रपट डीव्हीडीवर उतरवून ठेवायचा असेल तर सिंगल लेयर घ्यावी की ड्युअल लेयर?

हसू नका. आज पनवेलच्या बाजारात कोरी डीव्हीडी मागितली तर दुकानदार आपल्याकडे पावशेर मागितल्यासारखा बघतो, हे मला माहीत आहे. नव्या लॅपटॉपला डीव्हीडीची खाचच नसते, हेही माहीत आहे. पण तुमच्या घरातलं ते काचेचं कपाट आठवा. त्यात लग्नाच्या, मुंजीच्या, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या, कुणाच्या तरी साठीच्या डीव्हीड्या आहेत ना? त्या कुणीतरी, कधीतरी, काहीतरी ठरवून भरल्या. ते ठरवणं बरोबर होतं की चूक, हे आता पंधरा-वीस वर्षांनी कळतं आहे. आमच्या घरात ते कसं कळलं ते सांगतो आणि माझं मतही ठणकावून सांगतो. पुतण्याला राग आला तर येऊ दे. तो लहानपणापासून माझ्यावर रागावतो आणि पुन्हा जेवायलाही माझ्याकडेच येतो.

तर गोष्ट २००७ सालची. आमच्या आईचं सहस्रचंद्रदर्शन केलं. अमेरिकेतून पुतण्या आला होता, त्याच्याजवळ हँडीकॅम होता. सकाळचा होम, पूजा, पंगत, संध्याकाळी ऐंशी दिव्यांनी ओवाळणं आणि त्यानंतर सुनांनी आग्रह केला म्हणून आईने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या. एकेक तासाच्या तीन कॅसेट भरल्या. आई एरवी कॅमेरा दिसला की पदर तोंडावर घ्यायची. त्या दिवशी मात्र ओव्या म्हणताना तिला कॅमेऱ्याचा विसर पडला होता. २०१० मध्ये ती गेली. तिची चालती-बोलती अशी आमच्याजवळ ही एकच चित्रफीत.

त्या तीन तासांच्या तीन प्रकारच्या प्रती निघाल्या. एक मी काढून घेतली, बाजारातल्या एका दुकानातून. दुकानदार म्हणाला, "काका, दोन डीव्हीडी कशाला? एकातच बसवून देतो की!" मीही खूश. दुसरी पुतण्याने स्वतः केली, ड्युअल लेयरवर. "एकदम ओरिजिनलसारखी आहे बघा." तिसरी पेणच्या ताईसाठी. तिच्या जुन्या प्लेयरमध्ये पुतण्याची ड्युअल लेयर घातली की 'नो डिस्क' असं यायचं. मग त्याने कुरकुरत तिला साध्या दोन डीव्हीड्या करून दिल्या, पंगतीपर्यंत एक आणि पंगतीनंतरची दुसरी. मूळ कॅसेट आमच्या लाकडी कपाटात राहिल्या. कोकणातल्या तीन-चार पावसाळ्यांत त्यांना बुरशी लागली आणि तो विषय संपला.

गेल्या दिवाळीत सगळे जमलो होतो. नातसून म्हणाली, पणजीआजींना बघायचंय. मोठ्या टीव्हीला प्लेयर जोडला आणि माझी डीव्हीडी लावली. ओवाळण्याचा प्रसंग आला आणि आईचा चेहरा चौकोनी तुकड्यांचा झाला. दिवे हलले की गालाचे चौकोन, ताट फिरलं की कपाळाचे चौकोन. आवाज अगदी स्वच्छ, चेहरा मात्र नाही. पुतण्या म्हणाला, "मी सांगितलं होतं ना काका!" आणि ऐटीत त्याची ड्युअल लेयर लावली. होम झाला, पूजा झाली, चित्र खरंच आरशासारखं होतं. पंगत अर्ध्यावर आली आणि चित्र थांबलं. पुढे ढकलून पाहिलं, पुसून पाहिलं, लॅपटॉपला दुसरा ड्राइव्ह जोडून पाहिलं. दुसरा थर काही वाचला जाईना. ओवाळणं नाही, ओव्या नाहीत.

पेणला फोन केला. ताईच्या पहिल्या डीव्हीडीवर तिच्या नातवंडांनी मोटारी चालवल्या होत्या, ती गेलेलीच. पण दुसरी चालली! अथपासून इतिपर्यंत! म्हणजे पूर्वार्ध पुतण्याचा आणि उत्तरार्ध ताईचा, असं जोडून आमची आई आम्हाला पुरती मिळाली. आणि तरी पुतण्या म्हणतो ड्युअल लेयरच चांगली. आता बोला!

मी गणिताचा मास्तर नव्हे, आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. पण हे प्रकरण समजून घेतल्याशिवाय मला राहवलं नाही. जे समजलं ते माझ्या भाषेत सांगतो. सिंगल लेयरला मी एकपदरी म्हणतो आणि ड्युअल लेयरला दुपदरी. (आम्हा पळस्पेकरांना 'पदर' या शब्दाची जरा धास्तीच आहे. २०११ साली सुरू झालेलं पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरण दहा वर्षं उलटली तरी रेंगाळत राहिलं, ते आम्ही दारातून पाहिलं. पदर वाढले म्हणजे काम चांगलं होतं, या विधानावर आमचा विश्वास बसायला वेळ लागतो.)

एकपदरी डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं, दुपदरीत ८.५. संगणक हेच आकडे ४.३८ आणि ७.९५ असे कमी दाखवतो. तो १००० ऐवजी १०२४ ने मोजतो एवढंच, दुकानदाराने काही फसवलेलं नसतं. दुपदरीच्या दोन थरांत साधारण ५५ मायक्रॉनचं अंतर असतं, म्हणजे केसाहूनही कमी. पहिला थर अर्धपारदर्शक असतो आणि त्याच्यातून आरपार जाऊन लेसरचा किरण दुसरा थर वाचतो. चित्रपटाच्या डीव्हीडीत पहिला थर आतून बाहेर वाचला जातो आणि तिथून किरण दुसऱ्या थरावर उतरून बाहेरून आत परत येतो. भरलेल्या डीव्हीडीत हा उतार येतो तो अगदी कडेला. आणि आपण डीव्हीडी धरतो कुठे? कडेलाच! बोटांचे ठसे, घाम, तूप, चिवडा, सगळं तिथेच.

आता पहिला शत्रू घेऊ, म्हणजे 'एकातच बसवून देतो' म्हणणारा.

हँडीकॅमच्या कॅसेटवरचं चित्रण संगणकात घेतलं की तासाला साधारण १३ जीबी होतं. आमचे तीन तास म्हणजे ३९ जीबी. ते ४.७ मध्ये घातलं तर आठवा हिस्सा उरला. दोन एकपदरींत घातलं असतं तर साधारण चौथा हिस्सा उरला असता. डीव्हीडीची साठवायची पद्धत कॅसेटच्या पद्धतीपेक्षा हुशार आहे, त्यामुळे आठवा हिस्सा म्हणजे चित्रही आठपट वाईट, असं नाही. पण हुशारीलाही मर्यादा असते. तीन तास एका एकपदरीत कोंबले की चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला साडेतीन मेगाबिट वाट्याला येतात. दुपदरीत सव्वासहा. आणि दीड-दीड तास दोन एकपदरींत घातले तर जवळजवळ सात! डीव्हीडीवर नुसत्या चित्रालाच सेकंदाला ९.८ मेगाबिटपर्यंत जागा देता येते, हे लक्षात घेतलं म्हणजे साडेतीन किती तुटपुंजे ते कळेल.

आणि ही काटकसर नेमकी कुठे बोचते? डीव्हीडी प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. काही चित्रं पूर्ण आणि मधल्या चित्रांत आधीच्यापेक्षा काय बदललं तेवढंच, असा तिचा हिशेब. मागची भिंत हलत नाही, तिला खर्च नाही. होमापुढे बसलेले भटजी फारसे हलत नाहीत, स्वस्तात पडतात. पण ऐंशी दिवे एकदम लवलवायला लागले की प्रत्येक ज्योत प्रत्येक क्षणी बदलते. मग शिल्लक संपते आणि तपशील गाळून ८ बाय ८ ठिपक्यांचे ओबडधोबड चौकोन उरतात. म्हणजे जिथे प्रसंग सर्वांत देखणा, तिथेच चित्र सर्वांत दरिद्री! आवाजाला जागाच थोडी लागते, म्हणून तो वाचला.

मी तीसेक वर्षं मुलांकडून सारांशलेखन करून घेतलं. उताऱ्याचा एक तृतीयांश करा, उदाहरणं गाळा, विशेषणं गाळा. चांगला अभ्यास आहे तो. पण आईच्या पत्राचा सारांश कुणी करायला सांगतं का? "मुलगा सुखरूप पोचल्याचे कळले, काळजी मिटली" हा सारांश झाला. पत्र म्हणजे त्याच्या आजूबाजूला जे लिहिलेलं असतं ते. आमच्या दुकानदाराने आईचा सारांश करून दिला, आणि मी मास्तर असून त्याला "वा, छान" म्हणालो. तेव्हा आमच्याकडे २१ इंची टीव्ही होता, त्यावर चौकोन दिसले नाहीत. आज ४३ इंचावर दिसतात. तेव्हा 'कुणाला फरक कळतोय?' हा प्रश्न विचारायचा तर आजच्या टीव्हीपुढे नको, वीस वर्षांनंतरच्या टीव्हीपुढे बसून विचारायला हवा.

आता दुसरा पक्ष, माझा पुतण्या. त्याचं म्हणणं मी प्रामाणिकपणे मांडतो, कारण तो अर्धा बरोबर आहे. तो म्हणतो, दुपदरीत चित्र दाबावं लागत नाही. मध्येच उठून डीव्हीडी बदलावी लागत नाही. दोन ठेवल्या तर त्यातली एक हरवते. आणि दुकानातून विकत आणलेल्या चित्रपटांच्या किती तरी डीव्हीड्या दुपदरीच असतात, त्या कुठे बिघडल्या?

शेवटच्या मुद्द्याचं उत्तर आधी देतो, कारण तिथेच सगळे फसतात. विकत आणलेली डीव्हीडी छापलेली असते. कारखान्यात साच्याने खळगे उमटवून वर धातूचा मुलामा देतात. आपण घरी जी करतो ती छापत नाही, 'बर्न' करतो. तिच्यात रंगद्रव्याचा थर असतो, लेसरने त्याच्यावर डाग पाडायचे आणि त्या डागांनाच खळगे समजून प्लेयरने वाचायचं. दगडावर कोरलेली अक्षरं आणि शाईने कागदावर लिहिलेली अक्षरं यांत जो फरक तोच इथे. शाई उन्हाने, उकाड्याने, दमट हवेने उडते. आणि दुपदरीत तर ही शाई दोन थरांत, पहिल्या थरातून आरपार जाऊन दुसऱ्यावर लिहिलेली! मागे गेलेल्या थरातून परत येणारा उजेड मुळातच कमी, त्यात शाई फिकी झाली की वाचणार काय? छापील दुपदरी टिकते म्हणून घरची दुपदरी टिकेल, हे अनुमान तर्कशास्त्रात नापास आहे.

पुतण्या म्हणतो, "काका, माझी डीव्हीडी स्वस्तातली होती, चांगल्या कंपनीची घेतली असती तर टिकली असती." टिकलीही असती. पण चांगली कंपनी कोणती हे ओळखणार कोण? आपल्याकडे मोझर बेअर हे केवढं नाव होतं! जगातल्या मोठ्या डीव्हीडी उत्पादकांत गणना. २००७ च्या सुमारास त्यांनी चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणल्या, तेव्हा आम्ही पिशव्या भरभरून आणल्या होत्या. २०१८ मध्ये ती कंपनी अवसायनात निघाली. सोनीनेही २०२५ च्या फेब्रुवारीत घरी भरायच्या कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं. तेव्हा कंपनीच्या नावावर आईला सोपवायची माझी तयारी नाही. गणितावर सोपवायची आहे. दोन एकपदरी म्हणजे ९.४ जीबी, एक दुपदरी म्हणजे ८.५. दोनांत जागा जास्त, त्या जवळजवळ कोणत्याही प्लेयरला चालतात आणि तेव्हा तर एका दुपदरीच्या पैशांत चार-पाच एकपदरी येत. शिवाय एक गेली तर अर्धं जातं, सगळं जात नाही. पेणच्या ताईची एक गेलीच ना! पण पहिली गेली म्हणून दुसरी गेली नाही.

चित्रपट हा मुळात असाच जगत आला आहे. तो रिळांचा असतो. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ची चार रिळं होती. त्यातलं पहिलं आणि शेवटचं तेवढं आज शिल्लक आहे. (ती १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या प्रतीची असावीत, असंही काही अभ्यासक मानतात.) ते दोन तुकडे वेगळे होते म्हणून उरले आणि म्हणून आपण आज फाळक्यांचा हात कसा होता ते बघू शकतो.

राहता राहिला मध्येच उठून डीव्हीडी बदलण्याचा मुद्दा. अहो, आपण मध्यंतराच्या देशातली माणसं! आपले चित्रपट मध्यंतर धरूनच लिहिले जातात. दिवे लागतात, पोरं वडा खायला पळतात, बायका "आता काय होणार गं" म्हणून विचारतात. व्हीसीडीच्या काळात तर एका चित्रपटाला दोन-दोन, तीन-तीन तबकड्या लागत आणि कुणाचं काही बिघडलं नाही. दुपदरीत जेव्हा थर बदलतो तेव्हा किती तरी प्लेयरवर चित्र क्षणभर अडखळतं, तेही एखाद्या वाक्याच्या मध्यावर. त्यापेक्षा आपण होऊन, पंगत उठली तिथे, नीट मध्यंतर पाडावं. जिथे तोडायचं ते आपण ठरवावं, यंत्राने ठरवू नये.

(इथे मी दुसऱ्याच्या चित्रपटाच्या प्रती काढून वाटण्याबद्दल बोलत नाही. ती चोरी आहे, मग ती एकपदरीवर करा नाहीतर दुपदरीवर. मी बोलतोय ते आपलं स्वतःचं चित्रण जपण्याबद्दल.)

मग दोन डीव्हीड्या म्हणजे अमरपट्टा का? मुळीच नाही. शाई ती शाईच. मी आता काय केलं ते सांगतो. जोडलेली पूर्ण फीत दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवली. एक माझ्याकडे, एक ताईकडे पेणला. आणि शिवाय दोन-दोन एकपदरींचे दोन संच केले. वेग मध्यम ठेवला, भरून झाल्यावर तपासून घेतलं, वर स्टिकर चिकटवला नाही. सौ. म्हणाल्या, "एवढं पेन्शनच्या कागदांचं केलं असतंत तर!" असो.

तुम्ही म्हणाल, आता डीव्हीडी गेली, मग हे पुराण कशाला? कारण डीव्हीडी गेली, पण 'एकातच बसवून देतो' म्हणणारा गेला नाही. परवा नातीच्या बारशाची चित्रफीत व्हॉट्सॲपवर आली, तीही दाबून लहान झालेलीच. सगळ्यांनी अंगठे दाखवले आणि मूळ फीत फोनमध्ये जागा नाही म्हणून पुसायला निघाले! मी ओरडलो तेव्हा थांबले. ते बाळ ऐंशी वर्षांचं होईल तेव्हा त्याला ओवाळणाऱ्यांना आपण काय देणार, चेहरा की चौकोन?

पुतण्या अजून कबूल करत नाही. परवा फोनवर म्हणाला, "काका, तुमचं लॉजिक बरोबर आहे, पण ड्युअल लेयरची मजा वेगळी." मी म्हटलं, "मजा तुझी, आई माझी." त्यावर तो थोडा वेळ गप्प झाला आणि म्हणाला, "आजी माझीही होती." ते मात्र खरं. त्याच्या पूर्वार्धाशिवाय माझं काही चाललं नसतं, हेही खरं.

नातलगांना एक विनंती. या रविवारी ते काचेचं कपाट उघडा. एकेक डीव्हीडी लावून शेवटपर्यंत बघा, सुरुवात चालली म्हणून परत ठेवू नका. जी दुपदरी असेल तिच्यापासून सुरुवात करा. आणि माझ्या थोरल्या भावाच्या षष्ट्यब्दीची प्रत कुणाकडे असेल तर मला कळवा. आमच्याकडची अर्ध्यावर थांबते.